गुडघ्यातले पाव्हणे

लातूर-नांदेड पट्ट्यात माणसांना अहो-जाहो करणारे पुष्कळ आहेत. गुडघ्याला अहो-जाहो करणारे गृहस्थ एकच, आमच्या ताईचे दीर. रेणापूरच्या शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर ते लातुरात मुलींना खो-खो शिकवतात. दुखावलेला अवयव म्हणजे त्यांच्या मते रुसलेला जावई: मान ठेवायचा, पण घर ताब्यात द्यायचं नाही. कुणाचा घोटा मुरगळला की ते खाली बसतात आणि मुलीकडे न बघता घोट्याला विचारतात, "काय पाव्हणं, आज किती पावलं चालणार?" उत्तर मुलीनं द्यायचं, तेही पाव्हण्यांच्या वतीनं. एकीनं घोट्याला तहान लागल्याचं कळवलं, तेव्हा सरांनी खरोखर तांब्या मागवला होता.

त्यांच्या मैदानावर "भिऊ नको" म्हणायला बंदी आहे. म्हणणाऱ्याला पाच उठाबशा. मी काढल्या आहेत. "भिऊ नको म्हणलं की पोरीला आठवतं, आपलं भ्यायचं ऱ्हायलंय," हे त्यांचं शास्त्र.

या शास्त्राची परीक्षा घेतली ती जळकोटच्या वैष्णवीनं. खांबाजवळ सूर मारताना तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. पळायला ती पूर्वीसारखीच पळे. खांब जवळ आला की मात्र पाय थांबत. सरांनी पोत्यांत सोयाबीनचा भुसा भरून घेतला आणि महिनाभर तिला त्यांवर नुसतं पडायला लावलं. पडण्याला दहापैकी गुण असत. पोत्यांवर तिला नऊ पडायचे, खांबाशी ती पडायचीच नाही.

त्यातच तिची आई गावाहून आली. कुंपणाबाहेरूनच तिला सरांचा आवाज ऐकू आला, "वैष्णवी, पाव्हणं काय म्हणतेत? आज बैठक हुईल का न्हाई?"

आई तडक आत. "गुर्जी, पोरगी दहावीला हाय! तुमी कुठली सोयरीक जमवायलात?"

सरांनी पाव्हण्यांची ओळख करून दिली. गुडघा पूर्ण वाकवून बसणं म्हणजे बैठक, हेही सांगितलं. आई पदर तोंडाला लावून हसली. पण पुढचं बोलली ते हसून नव्हे. "बरा हाय ना गुडघा? मग रविवारच्या संघाच्या निवडीत खांबावर गेली तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर मी घिऊन जाते. नुसतं भ्यायला लातूर कशाला? जळकोटात बी भिता येतंय."

सरांनी वाद घातला नाही. माझ्या माहितीत ही एकमेव वेळ.

रविवारी शेवटच्या डावात वैष्णवीला खो मिळाला तेव्हा पुढे पळणारी मुलगी खांबाला वळसा घालत होती. वैष्णवी थांबली नाही. एका हातानं खांब धरून तिनं सूर मारला, बोटं पुढच्या मुलीच्या टाचेला लागली. शिट्टी वाजली. ती क्षणभर मातीत पडून राहिली, मग आपली आपण उठली. आई सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती. सर मैदानाकडे पाठ करून, कुंपणाची तार धरून उभे होते.

"काय झालं?" त्यांनी न वळता विचारलं.

"गडी बाद. पोरगी उभी आहे," मी सांगितलं.

वैष्णवी लातुरातच राहिली. आता ती रोज सरांसमोर दहा-दहा सूर मारते, ते दहाही पाहतात आणि दहांतही चुका काढतात. पण मी भेटलो की मला बाजूला घेतात. "त्या रविवारी खांबाला हात कोणता हुता?" डावा, मी सांगतो. "अन् मान वर हुती?" होती. मग ते म्हणतात, "पयल्यापासून सांग."