चेंडू, कुदळ आणि माझी मेंबरी

बुलढाण्यात मला कुठल्याही क्लबाने बोलावलं नव्हतं. मीच गेलो, आणि ज्या थाटात गेलो तो आठवला की आजही माझं मलाच हसू येतं. पण गेल्याचा पस्तावा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले आणि आमच्या कचेरीचा कारभार हेडक्लार्कच्या भुवयांवर. मी देऊळगाव राजाहून तिथे उमेदवार म्हणून आलो होतो. उमेदवार म्हणजे बिनपगारी कारकून. नेमणुकीची वाट बघायची आणि तोवर सांगतील ते करायचं. दिवसभर नकला उतरवायच्या, संध्याकाळी हेडक्लार्कच्या घरी भाजी पोचवायची, त्यांच्या म्हशीला सरकी आणून टाकायची. मला दिवसातला एक तास हवा होता, ज्यात कोणी ‘अरे, इकडे ये’ म्हणणार नाही. तो खेळात घालवावा असं मनात होतं, कारण देऊळगावात आट्यापाट्यांत माझा पाय चपळ समजला जाई. समजणारा बहुतेक मीच होतो, पण ते असो.

माझी खोली गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होती. तिथून वरच्या अंगाला, बंगल्यांच्या बाजूला, साहेब-वकिलांचा टेनिसचा क्लब होता. खाली उतारावर, मोमिनांच्या मोहल्ल्याला लागून, एक तालीम होती. मी अर्थातच वर गेलो. उमेदवाराची नजर सवयीनेच वर असते.

कोट घातला, टोपी चापून बसवली, नवे कॅनव्हासचे जोडे घातले आणि क्लबाच्या फाटकातून आत शिरलो. एक स्थूल वकीलसाहेब रुमालाने मान पुसत उभे होते.

“काय रे?”

“खेळासाठी आलोय.”

“बरं झालं! त्या जाळीपाशी उभा राहा.”

इतक्या लवकर घेतलं! मी जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात चेंडू माझ्या पायाशी आला आणि तिकडून आवाज आला, “आण रे!” मी आणला. पुन्हा आला, पुन्हा आणला. आता आमच्या देऊळगावात आट्यापाट्यांच्या मैदानावर नवा गडी आला की त्याला आधी पाट्या आखायला लावत, राख टाकायला लावत. इथेही तसलीच काहीतरी रीत असणार, असं मी धरून चाललो. मग काय, जीव तोडून धावलो. एक चेंडू तर घाणेरीच्या झुडपात शिरून, कोटाची बाही फाडून काढला.

“हा चांगला आहे हो,” वकीलसाहेब जोडीदाराला म्हणाले. “आधीचा फार आळशी होता.”

आधीचा मेंबर आळशी निघाला म्हणून मला त्याची कीव आली! छाती फुगवून आणखी धावलो. दिवस मावळायला आला, खेळ थांबला, तसा मी पुढे होऊन अदबीने विचारलं, “उद्या रॅकेट माझी आणू, की इथली मिळेल?”

सगळे मला पहिल्यांदाच नीट न्याहाळू लागले. मग वकीलसाहेबांचं पोट हलायला लागलं, आणि ते बराच वेळ हलत राहिलं.

“अरे, तू तर कचेरीतला उमेदवार ना? मेंबर व्हायचंय तुला? वा! पण चेंडू उत्तम उचलतोस हं. येत जा.”

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क माझ्याशी हसून बोलले. कचेरीतले जुने कारकून ते दृश्य बघायला माना वळवून बसले. “तुझं नाव वरपर्यंत गेलंय,” हेडक्लार्क म्हणाले. “रोज जात जा क्लबात. साहेबांच्या डोळ्यांसमोर राहिलास तर नेमणुकीचं मी बघतो.”

“चेंडू उचलायला मी जाणार नाही, रावसाहेब.”

“लाज वाटते?”

“राग येतो.”

उमेदवाराला राग येतो ही बातमी त्यांना नवीन असावी. भुवया जाग्यावर गेल्या.

त्याच संध्याकाळी मी उतार उतरून तालमीत गेलो. एकदा फसलेला माणूस किती शहाणा होतो ते बघा. दारात मी मनाशी पक्कं केलं की इथे कोणाचंही हलकं काम करायचं नाही. आत लाल मातीचा हौदा होता. पिकल्या मिशांचा उस्ताद भिंतीला टेकून बसला होता.

“जोडे काढ आधी! काऊन आला बे?”

“कुस्ती शिकायला.”

“हाव? मंग घे ते कुदळ. खण माती.”

आली का पुन्हा तीच गोष्ट! मी ताठ उभा राहिलो. “मी मजूर नाही. कचेरीत असतो.”

हौद्याभोवती जोर काढणारे गडी थांबले. मग एक पिंजारी, खांद्यांनी दाराएवढा रुंद, फिस्सकन हसला. “उस्ताद, साहेब आले, साहेब! मातीले सांगा, सलाम कर म्हणा.”

उस्ताद हसला नाही. “जाय बाबू,” तो म्हणाला, “तुह्यं इथं काम नाही.”

झालं. एकीकडे मी नोकराचं काम रीत समजून केलं आणि दुसरीकडे रीत होती ती नोकराचं काम समजून झिडकारली. एका आठवड्यात दोन क्लब गमावणारा बुलढाण्यात मी एकटाच असेन.

पण मी चिवट. दुसऱ्या दिवशी तालमीच्या पडक्या भिंतीवरून डोकावलो. हौद्यात उस्ताद स्वतः लंगोट लावून कुदळ चालवत होता. तो थकला की पिंजारी, मग दुसरा. माती भुसभुशीत झाली तसं कोणी तिच्यात ताक ओतलं, कोणी तेल, हळद. मग सगळ्यांनी ती कपाळाला लावली. मी जोडे भिंतीबाहेरच काढले आणि आत गेलो.

“उस्ताद, कुदळ द्या.”

“आता काऊन?”

“तुम्ही खणता ते पाह्यलं म्हणून.”

“घे,” तो म्हणाला. “कोट बी काढ. कचेरी भरली नाही इथं.”

मी खणलं. पुढेही कितीतरी संध्याकाळी नुसतं खणलं. हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. लेखणी धरवेना आणि नकलांत अक्षर कोंबडीच्या पायासारखं उमटू लागलं. हाताच्या फोडांची चौकशी झाली आणि हेडक्लार्कना सगळा पत्ता लागला. भर कचेरीत, सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, “चेंडू उचलायचा राग येतो आणि मोहल्ल्यात जाऊन माती खणतोस? बामणाचा पोर ना तू?”

“तिथे उस्तादही खणतो, रावसाहेब. वकीलसाहेब चेंडू उचलायला लागले की मला कळवा. मी लगेच येतो.”

मागे कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. हेडक्लार्कनी कागद माझ्यापुढे आपटले. रिकामी जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली, जो मुकाट्याने क्लबात जाऊ लागला होता. त्याला मी दोष देत नाही. त्याला पगार हवा होता, मला माझा तास. मलाही पगार हवाच होता, पण त्या किमतीला नको होता.

जागा गेली त्याच दिवशी उस्ताद म्हणाला, “आज उतर.”

समोर तोच पिंजारी. माती कपाळाला लावली, मांडीवर थाप मारली. थापेचा आवाज विरायच्या आत मी पाठीवर होतो. वर आभाळ होतं आणि आभाळाच्या मधोमध पिंजाऱ्याचं डोकं.

“उठ बे!” उस्ताद ओरडला. “झोपाले आला का?”

उठलो. पुन्हा पडलो. पुन्हा उठलो, आणि या खेपेला आपला आपणच पडलो. सगळी तालीम हसत होती आणि त्यात मीही होतो.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माझी मान एकाच बाजूला वळत होती. हेडक्लार्क बसत त्या बाजूला ती काही केल्या वळेना. मीही तिच्यावर जबरदस्ती केली नाही.