देवीच्या वाट्याची दारू
कुरखेड्याकडच्या त्या गावात दारूबंदी आहे. साऱ्या जिल्ह्यातच आहे. तरी बाबुलालला आयुष्यात एक दिवस दारू कमी पडली नाही. पिऊन तो तलावाच्या पाळीवर पडायचा, लोक त्याला ओलांडून जायचे आणि त्याची बायको वच्छला एकटी टोपली घेऊन मासळी विकायला बाजारात जायची. त्यावर गावात कधी बैठक बसली नाही.

शेवटी वच्छलाच्या बहिणीनं, रीतानं, घुग्घुसकडचं दारू सोडवणारं एक केंद्र सांगितलं. चालवणारा पास्टर स्वतः एकेकाळचा खाणकामगार आणि पक्का बेवडा. तिथं पहाटे प्रार्थना, दिवसभर भाजीच्या वाफ्यात काम, आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर उभं राहून आपण कोणाचं काय वाटोळं केलं ते बोलायचं. तिथं गेल्यावर पहिले काही दिवस बाबुलाल फोनवर बायकोला शिव्या घालायचा. मग एकदा फोनवरच रडला.

तो परत आला तो पुन्हा जाळं विणता येईल असे स्थिर हात घेऊन. जेवणाआधी डोळे मिटून येशूचं नाव घ्यायचा, एवढाच काय तो बदल. पण तो शुद्धीवर राहायला लागला आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं.

उन्हाळ्यात तलाव आटत आला, की मासे धरणाऱ्या ढिवर मोहल्ल्याचं मोठं जाळं पडतं. आधी पाळीवरच्या देवीच्या दगडावर मोहाच्या दारूची धार, मग प्रत्येकाला पानाच्या द्रोणात घोटभर. द्रोण घेईल तो दोर धरेल, दोर धरेल त्याला मासळीत वाटा. पहिला द्रोण टोकाचा दोर धरणाऱ्याचा, आणि तो मान बाबुलालच्या घराचा. यंदा त्याच्या चुलत्यानं, दादाजीनं, दारूच्या हंड्यात बोट बुडवून देवीवर शिंतोडा उडवला आणि द्रोण पुढे केला.

"घे."

"मी नाई घेत, काका. देवीले हात जोडतो."

"येशूचा झाला ना तू? मंग देवीचा दोर तुले काऊन पाह्यजे?"

"येशूचं नाव घेतो, खोटं काऊन बोलू. पन एक घोट घेतला तर मी गेलो, काका."

"मंग घरी जा. वाटा नाई भेटनार."

बाबुलालनं मान खाली घातली. पाळीवर बायकांत बसलेल्या वच्छलाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक खाली उतरून चुलतसासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, हा चिखलात लोळत होता तवा कोनी त्याचा दोर काढला नाई. उलटीत पडला तरी वाटा होता. आता शुद्धीवर हाय तर बाटला? त्याच्या येशूले मी ओळखत नाई, मी आपल्या देवीचीच हाय. पन माझा मानूस ज्यानं वापस देला त्याले मी नावं ठेवनार नाई."

"देवीची रीत हाय, वच्छला. तू मधात बोलू नको."

"दारू देवीची ना?"

"देवीचीच."

"मंग देवीले शिंतोडा आन तुमाले हंडा काऊन?"

तिनं हंडा उचलला आणि सगळाच्या सगळा दगडावर रिता केला. मोहाचा उग्र वास सुटला. धार दगडावरून ओघळत पाण्याला मिळाली आणि ओठ ओले करायला आलेली सगळी गडीमाणसं नुसती बघत राहिली.

"हे काय केलं तू?" दादाजी म्हणाला.

"देवीचं देवीले देलं. आता द्रोन कोनीच घेतला नाई. सांगा, दोर कोन धरते?"

पाळीखाली मासळी न्यायला आलेल्या व्यापाऱ्याची गाडी उभी होती, तिच्यातला बर्फ गळत होता. बाबुलालनं ओल्या दगडाला हात जोडले, कमरेएवढ्या पाण्यात उतरून टोकाचा दोर धरला आणि मागे वळून बघत उभा राहिला. दादाजी शिव्या देत उतरला आणि त्यानं दुसरं टोक धरलं. मागोमाग बाकीचे उतरले. वच्छला टोपली घेऊन काठावर थांबली. वाट्यासाठी तिला आता कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नव्हतं.