स्थळप्रतीचा डावा कोपरा

"टायपिंगच तं करे थे बाई. पण हात लय फास्ट."

शोकसभा सुरू व्हायच्या आधी, चहाच्या टेबलापाशी, माझ्या पाठीमागे कोणीतरी हे म्हणालं. वाईट हेतूनं नाही. कौतुकच होतं ते. दुसऱ्यानं "हो ना, एक चूक सापडे नाई" अशी भर घातली आणि दोघं बिस्किटांच्या ताटाकडे वळले. मी कागदी कप धरून तिथंच उभी राहिले. समोर टेबलावर आत्याचा फोटो होता, तिच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्यामुळे एका कोपऱ्यात गोल शिक्क्याचा तुकडाही मोठा होऊन आला होता. प्रमिला तायडे. अकोल्याच्या या सरकारी कार्यालयात ती चौतीस वर्षं लिपिक होती. मागे वळून त्या माणसाला काही बोलावं असं वाटलं, पण मी वळले नाही. न बोलण्याची मला सवय आहे. अमरावतीच्या इंग्रजी शाळेत मराठी शब्द तोंडातून गेला तर बाई बाकावर उभं करायच्या, आणि घरी पाहुण्यांसमोर मराठी बोलताना अडखळले की चुलतभाऊ म्हणायचे, "मॅडमले मराठी नाई येत." मग दोन्हीकडे गप्प बसणं सोपं पडलं.

आत्याला माझ्या गप्प बसण्याची कधी अडचण झाली नाही. तिनं लग्न केलं नव्हतं. शनिवारी अकोल्याहून एसटीनं यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायची. पिशवीत माझ्यासाठी खाऊसोबत एखादा कोरा सरकारी अर्ज असायचा. "वाच," म्हणायची. मी वाचायची. "समजलं काय?" मी मान हलवायची, नाही म्हणून. "मंग तुयी चूक नाई. लिवणाऱ्याची हाय." मी मराठी नीट वाचायला शिकले ती अशी, वाईट लिहिलेले कागद वाचून आणि त्यांचं काय चुकलं ते तिच्याकडून ऐकून. ती बोलायची अस्सल वऱ्हाडी, आणि लिहायची मात्र इतकं स्वच्छ, नेमकं मराठी की तसं मी अजून दुसऱ्या कोणाचं वाचलेलं नाही.

वारस नोंदीचा अर्ज तिनं असाच नव्यानं लिहिला. नवरा गेलेली एक बाई खेड्यावरून तीनदा आली आणि दर वेळी एक कागद कमी म्हणून तिला परत पाठवलं. अर्जावर छापलेलं असायचं, "विहित दस्तऐवज साक्षांकित करून सादर न केल्यास सदर अर्ज विचारात घेतला जाणार नाही." कोणते दस्तऐवज, ते मागच्या पानावर, बारीक अक्षरांत. आत्यानं आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत बसून तो अर्ज बदलला. पहिली ओळ लिहिली: "अर्जासोबत हे तीन कागद आणा. एकही कमी असेल तर तुम्हाला पुन्हा यावं लागेल." खाली तीन कागदांची नावं, आणि प्रत्येक कागद कोणाकडे मिळतो तेही. साहेबांनी सही केली. पुढे तो नमुना आजूबाजूच्या तालुक्यांनीही उचलला आणि साहेबांना बदलीच्या वेळी त्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरचं वेळापत्रकही तिचंच. आधी ते टँकरच्या नंबरप्रमाणे लावलेलं असायचं. "गावातल्या बाईले टँकरचा नंबर काहून माहीत राहीन?" म्हणून तिनं ते गावाप्रमाणे लावलं, आणि वेळेपुढे लिहिलं, 'शाळा भरायच्या आधी', 'दुपारची जेवणं झाल्यावर'. तेही साहेबांच्या सहीनं गेलं. जाणारच. कार्यालयातून बाहेर पडणारा प्रत्येक कागद साहेबांच्याच सहीनं जातो.

निवृत्तीनंतर तिला एकच गोष्ट हवी होती. अमरावतीतल्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवायला माणूस पाहिजे होता, आठवड्यातून दोन दिवस. "मले पोरीइले शिकवाचं हाय का पत्र कसं नाई लिवाचं," ती म्हणाली. अर्जासोबत संस्थेनं कामाचे नमुने मागितले होते, ऑनलाइन. मी वेबसाइट बनवते, त्यावरच माझं पोट आहे. "तुयाजवळ कम्प्युटर हाय, मायाजवळ कागद," असं म्हणून ती लाल कापडाचा एक बस्ता घेऊन आली. रेकॉर्ड रूममध्ये फायली ज्या कापडात बांधतात, तसाच, तशाच गाठीचा. आत स्थळप्रतींच्या झेरॉक्स होत्या. मूळ पत्र बाहेर जातं, त्याची जी प्रत कार्यालयात राहते, ती स्थळप्रत.

तीन शनिवार-रविवार आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. एरवी कोणी दुसऱ्यांदा पाहणार नाही असे कागद होते ते: नोटिसा, तक्ते, अर्ज, स्मरणपत्रं. मी ते स्कॅन केले आणि असं पान बनवलं की वारसाच्या अर्जावर बोट सरकवलं की जुना अर्ज मागे जातो आणि त्याच जागी नवा येतो. वेळापत्रकातल्या गावाच्या नावावर टिचकी मारली की फक्त त्या गावाच्या वेळा उरतात. नोटिशीतल्या ज्या ओळी तिनं बदलल्या होत्या, त्यांना हात लावला की ती ओळ का बदलली ते तिच्या आवाजात ऐकू येतं. तो आवाज मी फोनवर टिपला होता. एकेका ओळीसाठी तिनं चार-चारदा सांगितलं, मधेच "थांब, हे बरोबर नाई बोलली मी" म्हणत.

तिची अट एकच होती. "लोकायचं नाव झाक. थो त्यायचा कागद हाय, आपला नाई." म्हणून जिथं जिथं नाव दिसलं तिथं मी पांढरी पट्टी टाकत गेले, अर्जदारांची, मयतांची, तलाठ्यांची. आणि हे करता करता प्रत्येक पानाच्या खाली डावीकडे पेनानं केलेली जी बारीक गिचमिड होती, तीही कापत गेले. मला ती जावकच्या नोंदीची खूण वाटली. पान नीटनेटकं दिसेना त्यामुळे. मी तिला विचारलं नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर, शेंगा सोलत बसली होती, आणि मी विचारलं नाही.

पान पूर्ण झालं तेव्हा तिनं चष्मा लावून सगळं पाहिलं. वारसाचा अर्ज पाच-सहा वेळा मागे-पुढे सरकवला. मग बोट स्क्रीनच्या खालच्या टोकाला नेऊन थांबली.

"कोपरा कुठं गेला?"

"क्रॉप केला, आत्या. क्लीन दिसतं."

स्क्रीनवरून बोट उचलून ती म्हणाली, "बरं. चांगलं दिसते." आणि चष्मा काढून ठेवला.

संस्थेचं उत्तर महिन्याभरानं आलं. "सादर केलेल्या नमुन्यांवर संबंधित अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या असून, त्यांच्या निर्मितीत आपला सहभाग असल्याचे आढळून येत नाही." मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं. तिकडून हसू ऐकू आलं. "पाह्य, वाक्य कसं हाय. आढळून येत नाही. कोणाले आढळून येत नाई, थे नाई लिवलं." मी म्हटलं, आपण उत्तर पाठवू, तुझ्या जुन्या सहकाऱ्यांकडून लिहून घेऊ. "जाऊ दे वं पोरी," ती म्हणाली. "भाजी टाकाची हाय."

त्यानंतर दोनच महिने. सकाळी दूध घेऊन आली, खुर्चीवर बसली, आणि गेली. शेजारच्या काकूंनी बाबांना फोन केला. आम्ही मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचेपर्यंत बाबा गाडीत एकच म्हणत होते, "परवाच तं बोललो तिच्यासंगं."

तिसऱ्या दिवशी तिच्या घरी हरिभाऊ आले. तिच्या कार्यालयातले निवृत्त दफ्तरी, रेकॉर्ड सांभाळणारे. तिनं परत नेलेला बस्ता कोपऱ्यात दिसला तसा त्यांनी तो मांडीवर घेतला, गाठ सोडली आणि एकेक कागद न वाचता फक्त खालच्या डाव्या टोकाला बघत उलटत गेले. "प्रता... प्रता... हेही प्रताच." मी विचारलं, हे काय आहे? त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

"अवो, प्रमिला तायडे. मूळ पत्रावर साहेबाची सही. पण मसुदा ज्यानं केला, त्याचं नाव स्थळप्रतीच्या कोपऱ्यात. उद्या कोणी इचारलं का हे कोणं लिवलं, तं तिथं पाहाचं. साऱ्या हाफिसात हेच चालते. तुमाले नाई सांगतलं बाईनं?"

नाही. सांगितलं नाही. चौतीस वर्षांत तिच्या कामावर तिचं नाव फक्त त्या अर्ध्या इंचात होतं, आणि ते मी माझ्या हातानं कापलं. मी अनोळखी लोकांची नावं जपली आणि तिचं पुसलं. मला राग येतो त्या संस्थेचा, जिथे कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवतात आणि कोपरा कापलेला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. राग येतो त्या पद्धतीचा, जी लिहिणाऱ्याचं नाव घरात ठेवते आणि सही करणाऱ्याचं बाहेर पाठवते. माझ्या शाळेचा येतो, जिनं मला मराठीत प्रश्न विचारायची लाज वाटेल इतकं शिकवलं. आणि आत्याचाही येतो. फार येतो. तिला दिसलं होतं. "कोपरा परत लाव" एवढंच म्हणायचं होतं, दहा मिनिटांचं काम होतं. मला वाईट वाटेल म्हणून तिनं संस्थेला उत्तर देणं, ती नोकरी, सगळं सोडून दिलं. अशी माया मला नको होती. लोक सांगतात, आता राग धरून काय उपयोग. मी धरणार आहे.

त्या आठवड्यात मी सगळे कागद पुन्हा स्कॅन केले, कोपऱ्यांसकट. कार्यालयातून शोकसभेचं निमंत्रण आलं, तेव्हा आस्थापना शाखेतल्या एका बाईंनी त्या पानाची लिंक मागितली. "भिंतीवर दाखवू," म्हणाल्या.

तर बिस्किटं संपली, लोक बसले. जुने साहेबही आले होते, आता निवृत्त, पांढरा सदरा. भिंतीवर वारसाचा अर्ज दिसत होता, माणसापेक्षा मोठा. साहेब बोलायला उभे राहिले आणि चांगलं बोलले. वक्तशीर, मितभाषी, अशी माणसं आता मिळत नाहीत. मग त्यांनी भिंतीकडे हात केला. "हा नमुना मी तयार केला तेव्हा प्रमिलाबाईंनी तो एका दिवसात टंकलिखित करून दिला. एकही चूक नाही." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. इतकी वर्षं स्वतःची सही पाहून त्यांना ते खरंच तसं आठवत असावं. तेच जास्त संतापजनक होतं.

सूत्रसंचालकांनी कुटुंबातर्फे दोन शब्द म्हणून बाबांचं नाव घेतलं. बाबांना उठवेना. रुमाल तोंडाशी धरून ते तसेच बसून राहिले. मग मीच उठले. माइकपर्यंत गेले नाही, लॅपटॉपपाशी गेले. अर्जाचा खालचा डावा कोपरा दोन बोटांनी मोठा केला, इतका की भिंतीवर दुसरं काही उरलं नाही. पेनानं लिहिलेली दोन अक्षरं, प्र आणि ता, खाली तिची ती छोटी तिरकी रेघ. पहिल्या रांगेत हरिभाऊ सरळ होऊन बसले. इंग्रजीत म्हणायचं वाक्य माझ्याकडे तयार होतं, शाळेत शिकलेल्या मराठीतलंही होतं. तोंडातून आलं ते मात्र शनिवारच्या एसटीनं येणाऱ्या बाईच्या बोलीतलं, जे मी आयुष्यात कधी कोणासमोर बोलले नव्हते.

"थे टायपिंग नाई, साहेब. थे तिनं लिवलं हाय. तुमी सही केली."