एअरशिपचा दोर आणि आमचे सावंत

मंडळी, आज माझे नवे बूट चिखलात गेले. जगाने नोंद घ्यावी.

जुन्या लष्करी धावपट्टीवर जाहिरातीचं एअरशिप, म्हणजे फुग्यासारखं हवेत तरंगणारं जहाज, उतरत होतं. पूर्वी लष्करी तळांवर त्यासाठी डोंगराएवढ्या शेड, म्हणजे हँगर, असत, दोर धरायला शेकडो सैनिक. इथे आम्हा बघ्यांनाच दोर दिले.

वारा उठला. “सोडा!” असा हुकूम होताच सगळ्यांनी दोर सोडले. बोटीवर नोकरी केलेले आमचे शेजारी सावंत मात्र सोडेनात. पाय अधांतरी!

“अहो, सोडा!”

“सोडला तर जहाज जाईल ना!”

मी त्यांच्या कमरेला लटकलो, तर माझेही पाय जमिनीवरून सुटले. शेवटी बघ्यांतल्या एका चिनी अंकलनी सावंतांच्या बोटांवर छत्री हाणली. आम्ही धाडकन चिखलात.

तुम्ही दोर सोडला असता?

अंकलची छत्री मोडली होती. त्यांना नवी घेऊन दिली.