आबांच्या पापलेटाचं डोकं

मुंबईत मासे मिळत नाहीत, असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत होतं.

मुंबईला समुद्र आहे, हे त्यांना मान्य होतं. कोळीण टोपली घेऊन आमच्या बोरिवलीच्या जिन्यापर्यंत येते, हेही मान्य होतं. फक्त टोपलीत जे असतं ते मासे नव्हेत, एवढंच त्यांचं म्हणणं. "बर्फातलो मासो म्हणजे मढा!" असं म्हणून ते ताट सरकवायचे आणि माझी बायको शालन स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

सासूबाई गेल्यापासून आबा (सासऱ्यांना सगळे आबाच म्हणत) वेंगुर्ल्याजवळच्या घरात एकटे होते. त्यांनी आता कायमचं आमच्याकडेच राहावं, म्हणून शालनचा जीव तुटत होता. पण आमच्याकडे आल्यावर महिनाभरात ते डाळभातावर आले आणि एका सकाळी त्यांनी ट्रंक भरायला घेतली.

"अहो, काहीतरी करा ना!" शालन म्हणाली.

मी केलं! "आबा, रविवारी वर्सोव्याला जाऊ. शेफ मॉन्टीकडे! तिथला मासा खा, मग ठरवा."

हा शेफ मॉन्टी त्या काळी दर आठवड्याला टीव्हीवर यायचा. (आचारी म्हटलं की रागवायचा म्हणे.) उंच पांढरी टोपी घालून तो हसत हसत कांदा चिरायचा. हसत हसत कांदा चिरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं! वर्सोव्याला समुद्रालगतच्या एका गल्लीत त्याने समोरासमोर दोन हॉटेलं काढली होती, दोन्ही माशांची.

पहिल्याच्या दारात आरमारप्रमुखाच्या वेषात एक दरवान उभा होता. त्याने आबांचं धोतर पाहिलं, मग छत्री पाहिली.

"छाता अंदर नहीं चलेगा."

"माका छत्री खावची नाय. माका मासो होयो," आबा म्हणाले.

"आप लोग सामनेवाले में जाइए. उधर देसी है."

"देसी म्हणजे काय रे?" मी ओरडलो. समुद्र आमचा, मासे आमचे, आणि हा आरमारप्रमुख आम्हाला रस्ता दाखवणार! शालनने शर्ट ओढून मला रस्त्यापलीकडे नेलं.

पलीकडचं 'देसी' हॉटेल म्हणजे कोळ्याची झोपडी होती. अर्थात, कोळ्याची झोपडी कधीही न पाहिलेल्या माणसाने बांधलेली! वर झावळ्या, भिंतीवर प्लास्टिकची शेवंडं, वेटर लोकांनी पँटवरून कोळ्यांचे रुमाल गुंडाळलेले. मागच्या अंगणात खरे कोळी खरे बोंबील सुकवत होते. तो वास आत येऊ नये म्हणून काचा घट्ट बंद! छताला टांगलेलं जाळं आबांनी छत्रीच्या टोकाने उचलून पाहिलं.

"ह्या भोकातसून मासोच काय, मगर पण भायर जातली."

शेवटी बशी आली. त्याआधी वेटरने एकेक पदार्थाचं फ्रेंच नाव इतक्या भक्तीने उच्चारलं, की मला हात जोडावेसे वाटले. बशीत पांढऱ्या सॉसखाली एक पापलेट झोपलं होतं, उशाशी टोमॅटोचं फूल. मयताला वाहतात तसं.

आबांनी चमच्याने सॉस बाजूला केला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"ह्येचा डोक्या खंय?"

आमच्याकडे माशाचं डोकं घरातल्या वडीलधाऱ्याच्या किंवा मानाच्या पाहुण्याच्या ताटात जातं. आबांना बिनडोक्याचा मासा वाढणं म्हणजे त्यांना दारात बसवून वाढण्यासारखं होतं! शालनचा चेहरा उतरला. तिला ट्रंक दिसू लागली असणार.

आणि माझं टाळकं सटकलं. मी वेटरला बोलावलं, वेटरने मॅनेजरला, मॅनेजरने थेट शेफ मॉन्टीला! तो टोपीसकट आला, टीव्हीवर हसतो तसाच हसत.

"सर, आपण हेड सर्व्ह करत नाही. गेस्टना डोळे बघून कसंतरी होतं."

"आमका डोळे नाय दिसले की कसातरी होता," आबा म्हणाले.

"डोळे दाखवाल कसे?" मी उठून उभा राहिलो. "शिळा मासा खपवायचा म्हणून डोकी उडवता! सॉस कशाला ओतलाय, कळत नाही का आम्हाला? हे मढं आहे, मढं!"

"अहो, बसा ना खाली, लोक बघतायत!"

"बघू देत! सगळ्यांना कळू दे!"

मॉन्टीचं हसू पहिल्यांदाच मावळलं. तो आत गेला आणि डोक्यांनी भरलेलं घमेलं आणून त्याने आमच्या टेबलावर आदळलं.

"बघा काका. तुम्हीच सांगा."

आबांनी एक डोकं उचललं, कल्ला उघडला, वास घेतला. माझा विजय आता वासावर येऊन ठेपला होता. आबांनी दुसरं उचललं. मग तिसरं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"सकाळचो मासो असा! कल्ले बघा, कसे लालभडक!"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मॉन्टी पुन्हा हसला. मी टोमॅटोचं फूल खाल्लं. तोंड लपवायला दुसरं काही नव्हतं.

ती सगळी डोकी आबांनी बांधून घेतली. "क्या है इसमें?" असं दोन रिक्षावाल्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ते निघून गेले. तिसऱ्याला सर्दी झालेली होती. घरी पोचताच शालनने तिरफळं घालून डोक्यांचं तिखलं केलं आणि आबा महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवले. हात धुऊन आले, ट्रंक उघडली आणि धोतरं पुन्हा कपाटात ठेवू लागले.

"आबा, राहणार तुम्ही?" शालनने दारातूनच विचारलं.

"ऱ्हवतंय गो."

"बघा," मी कॉलर ताठ करत म्हणालो, "मुंबईत मासा मिळतो की नाही?"

"मासो गावता," आबांनी माझ्याकडे अपार करुणेने पाहिलं आणि लेकीकडे वळले. "पण पैसे मोजून डोक्या नसलेलो मासो खावक जाता, आणि ताज्या माशाक मढा म्हणता, त्या माणसाच्या भरवशार तुका सोडून मी गावाक कसो जाव?"