उंबरठ्यावरची हळद

सिंगापुरात एक जुनं सागवानी थाई घर आहे, हे इथल्या चोआ चू कांग भागात आठ वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं. एका व्यापाऱ्याने ते थायलंडमध्ये सुटं करून इथे आणलं, आपल्या बागेत पुन्हा जोडलं आणि जन्मभर जमवलेल्या जुन्या वस्तू त्यात मांडल्या. त्याच्या पश्चात त्या घराचं छोटं संग्रहालय झालं. तिथे स्वयंसेवक मार्गदर्शक हवेत असं कळल्यावर मी अर्ज केला. नवरा जहाजावर, मुलगी तेरा वर्षांची, आणि घरातल्या कपाटांच्या, औषधांच्या, मसाल्यांच्या सगळ्या याद्या करून झालेल्या. मार्गदर्शकाचा तो बॅज मला मनापासून हवा होता.

दोन महिने शिकल्यावर परीक्षा ठरली. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी आपलीच माणसं पाहुणे म्हणून आणायची, त्यांना घर दाखवायचं, आणि क्युरेटरबाई मागून ऐकणार.

माझी माणसं म्हणजे मुलगी आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्याबरोबर मी दोघींना सूचना वाचून दाखवल्या. चपला खाली काढायच्या. कशालाही हात लावायचा नाही. पर्स पोटाशी धरायची.

"आणि उंबरठा उंच आहे. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. घराची राखण करणारी देवता तिथे असते असं मानतात."

"बरोबरच आहे," आई म्हणाल्या. "मग तिची पूजा कोण करतं?"

"आई, संग्रहालय आहे ते. कोणी नाही करत."

आईंनी पर्समध्ये एकदा डोकावून ती पोटाशी घेतली. त्यांना पटलं असं मी धरून चालले.

सुरुवात झकास झाली. घरात एकही खिळा नाही, सगळं लाकडी खुंट्यांवर उभं आहे. भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या आहेत. मी सगळं क्रमाने सांगितलं. क्युरेटरबाई दोनदा मान हलवून पानाच्या जुन्या डब्याशी थांबल्या. तेवढ्यात मुलगी माझ्या कानाशी येऊन सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली.

"मम्मा, आजी टचिंग द एक्झिबिट, लाह."

आई दारात वाकल्या होत्या. उंबरठ्यावर हळदीची पाच बोटं उमटली होती आणि आता त्या कुंकवाची डबी उघडत होत्या. मी ती हातातूनच घेतली.

"आई, काय केलंत हे?"

"शुक्रवार आहे. आणि तूच म्हणालीस, कोणी करत नाही म्हणून."

माझ्या पिशवीत ओले रुमाल असतातच. मी एक काढून खसाखसा पुसलं. रुमालाला साबण होता. पाच पिवळी बोटं गेली आणि त्यांच्या जागी तळहाताएवढा लालभडक डाग आला.

"साबण लावलास?" आई म्हणाल्या. "हळद आहे ती. लाल होणार नाही तर काय होणार? इतकी वर्षं संसार करतेस."

क्युरेटरबाई वळत होत्या. मी एक पाय आत आणि एक पाय बाहेर टाकून, डाग मधे घेऊन उभी राहिले. पाय द्यायचा नाही हा नियम पाळून झाकायचा तेवढाच एक मार्ग होता. मग निळ्या-पांढऱ्या भांड्यांची माहिती मी तिथूनच, हात लांब करकरून दिली.

"आपण त्या खोलीत जाऊया का?" क्युरेटरबाईंनी विचारलं.

"इथून प्रकाश चांगला पडतो."

"भांडी त्या खोलीत आहेत."

"हो, पण मला पाठ आहेत."

दहा मिनिटांनी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. आईंना माझी दया आली असावी. त्यांनी डबी परत मागून घेतली आणि मला मराठीत म्हणाल्या, "ही सवाष्ण आहे का, विचार. उंबरठ्याला लावली, हिला नको?" आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी क्युरेटरबाईंचा हात धरून त्यांना माझ्यापर्यंत आणलं आणि बोट खाली दाखवलं.

मी बाजूला झाले. सांगण्यासारखं सगळं सांगून टाकलं. क्युरेटरबाई गुडघ्यांवर बसून बराच वेळ डागाकडे बघत राहिल्या.

"जातो का हा?"

"उन्हात उडतो," मी म्हणाले. "आमच्या साड्यांवरचा जातो."

"लाकडावरचा?"

"ते माहीत नाही."

"मग दर शुक्रवारी या आणि बघा. उडाला तर बॅज. नाही उडाला तर नाही."

त्या दार रोज दुपारी उघडं ठेवू लागल्या. मी वहीत एक पान आखलं: लाल. लाल. पाऊस. लाल. विटकरी. आईंना दर वेळी बरोबर यायचं असायचं. "एकदा लावली की मध्येच सोडत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. मी स्टेशनवर त्यांची पर्स तपासायचे. एकदा रुमालाच्या गाठीत चिमूटभर हळद सापडली. "खोकल्यासाठी आहे," त्या म्हणाल्या. त्यांना तर साधा ठसकाही लागलेला नव्हता.

सातव्या शुक्रवारी क्युरेटरबाईंनी भिंग लावून उंबरठा इकडून तिकडे तपासला, एकदा मलाही बघायला लावला, आणि खिशातून बॅज काढून माझ्या हातावर ठेवला.

"उद्या अकरा वाजता शाळेची सहल आहे. चाळीस मुलं."

मी वही उघडली. "त्यांच्या खिशात काय काय आहे ते आधी विचारलं तर चालेल?"

"विचाराच," त्या म्हणाल्या. "लिहूनही घ्या."