मिश्रण क्रमांक दोन

कोंबड्या पाळल्या की अंडी मिळतात, असं लोकांना वाटतं. साफ चूक! किस्से मिळतात. अंडी कोंबडीच्या मूडवर असतात, किस्से मात्र रोज ताजे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतके साठलेत की परवा माझ्या फोनने 'स्टोरेज फुल' म्हणून हात वर केले. म्हटलं, थोडे तुमच्याकडे रिकामे करावेत.

आधी मंडळी कोण ते सांगते. विश्रांतवाडीतली आमची बारा फ्लॅटची जुनी सोसायटी. मागच्या मोकळ्या जागेत खुराडा आणि त्यात सहा कोंबड्या. मालकीण शमीमभाभी, जन्मभर शिवणकाम केलेल्या. मी त्यांची शेजारीण. वरच्या मजल्यावर कांबळेसर, सरकारी खात्यातून रिटायर झालेले, आणि कांबळेवहिनी. आम्ही चौघं म्हणजे खुराडा मंडळ. सहा जणींतली तपकिरी, सगळ्यांवर डोळे वटारणारी, तिचं नाव हेडबाई.

तर एके दिवशी आमचे सेक्रेटरी लिमयेकाका यांनी बोर्डावर नोटीस लावली. 'खुराड्याचा वास येतो. महिनाअखेरच्या सभेपर्यंत वास गेला नाही, तर खुराडा जाईल.' खाली सही. सहीच्या खाली आणखी एक ओळ: 'ही विनंती नाही.'

भाभींनी नोटीस तीनदा वाचली. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेल्यापासून घरात त्या एकट्याच. मला म्हणाल्या, "वैशाली, ह्या गेल्या तर मी सकाळी उठून करू काय गं? भिंतीशी बोलू?"

मी बाह्या सरसावल्या. म्हटलं, "भाभी, कोण नेतंय तुमच्या कोंबड्या, बघतेच मी!"

*

उपाय भाभींच्या आईचा होता. तुळस, पुदिना, गवती चहा सावलीत कडकडीत वाळवायचा, हाताने चुरायचा आणि अंडी घालायच्या खोक्यांत पेंढ्यावर पसरायचा. कडुलिंबाचा पाला खाली जमिनीवर. झालं!

पण कांबळेसरांच्या हातात काही गेलं की त्याची फाइल होते. कडुलिंबाच्या बरणीवर चिठ्ठी लागली: 'मिश्रण क्र. १, जमीन.' दुसरीवर: 'मिश्रण क्र. २, खोके. फक्त कार्यालयीन वापरासाठी.'

वहिनी म्हणाल्या, "अहो, कोंबड्यांना वाचता येत नाही."

सर म्हणाले, "नियम वाचता येणाऱ्यांसाठीच असतात."

*

गच्चीवरच्या शेडमध्ये चादरीवर पाला वाळत घातला होता. वाळून अगदी कुरकुरीत झाला, आम्ही खूश. नेमकी त्याच दुपारी अशी वावटळ आली की चादर राहिली आणि पाला उडाला! उडाला तो थेट लिमयेवहिनींच्या ओल्या पापडांवर. सोसायटीत अकरा घरं सोडून बरोब्बर सेक्रेटरींच्याच घरचे पापड!

मी घाबरत घाबरत सॉरी म्हणायला गेले. त्या पापड उन्हाकडे धरून बघत होत्या.

"पुदिना चालेल," म्हणाल्या. "पण पुढच्या वेळी आधी सांगत जा. मी मीठ कमी घालीन."

*

आता माझी अक्कल ऐका. मला वाटलं, वास अजून खमंग यायला हवा. कोथरूडच्या बहिणीकडून कसुरी मेथी आणली आणि कोणाला न विचारता खोक्यांत भरपूर टाकली. सकाळी बघते तर खोक्यात पेंढा आहे, बाकी काही नाही!

ओरडलेच, "भाभी, पाला चोरीला गेला!"

भाभी चहाचा कप घेऊन शांतपणे आल्या. हेडबाईच्या चोचीला मेथी चिकटली होती.

"चोरी नाही गं," म्हणाल्या. "तू हॉटेल उघडलंस, त्यांनी नाश्ता केला."

तेव्हापासून ग्रुपवर माझं नाव 'मेथी' आहे. स्वतःच्या मुलीनेसुद्धा फोनमध्ये तेच सेव्ह केलंय.

*

पुढचा प्रकार कांबळ्यांच्या घरचा. मिश्रण क्रमांक दोनचा वास वहिनींना इतका आवडला की त्यांनी त्याची छोटी पुरचुंडी करून कपाटात, सरांच्या कोटाच्या घडीवर ठेवली. हेतू चांगला, कपड्यांना कसर लागू नये.

त्या दिवशी हेडबाई खुराड्यातून सटकली. सगळी सोसायटी पालथी घातली, बाई गायब! भाभींचा चेहरा एवढासा झाला. मांजराने नेली म्हणून त्यांनी जवळजवळ रडायलाच घेतलं. इतक्यात वरून सरांचा आवाज: "ताबडतोब वर या! साक्षीदार म्हणून!"

धावत गेलो. कपाटाचं दार अर्धवट उघडं, आणि आत सरांच्या निरोप समारंभाच्या कोटावर हेडबाई ऐसपैस बसलेली! उठवायला गेलं तर अशी बघते, जणू आम्हीच न विचारता आत शिरलोय. पाच मिनिटांनी उठली, तर खाली अंडं.

वहिनी हसून हसून खाली बसल्या. म्हणाल्या, "तीस वर्षं नोकरी केलीत, त्या कोटाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला!"

भाभींचं निदान सोपं होतं. "तिला वाटतं, जिथे हा वास तिथे आपली ड्यूटी."

*

सभेच्या आदल्या आठवड्यात लिमयेकाका पाहणीला आले. बरोबर खाकी पिशवी, त्यात तक्रारींच्या फायली. खुराड्यापाशी उभे राहिले, दोनदा नाक ओढलं, चेहऱ्यावर काही नाही. कांबळेवहिनींनी त्यांना वर चहाला बोलावलं.

काका चहा प्यायले. मग दुसरा कप मागितला! आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. काका कोणाकडे पाणीसुद्धा मागत नाहीत.

"घसा मोकळा झाला," म्हणाले. "चहात घातलंय काय?"

वहिनींनी सहज ओट्यावरची बरणी दाखवली. सरांनी चिठ्ठी वाचली आणि पांढरेफटक पडले. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही हो! उभे राहून म्हणाले, "लिमयेसाहेब, हे कोंबड्यांचं आहे. खोक्यात घालायचं."

भाभींनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात खुराड्याचे पत्रे उचकटायला सुरुवात केली.

काकांनी कप तळापर्यंत संपवला, बशीत ठेवला. "वापरलेलं नाही ना?"

"नाही, नाही! कोरं आहे!"

"मग थोडं बांधून द्या."

वहिनींनी पुरचुंडी बांधून दिली. काकांनी ती फायलींच्या पिशवीत टाकली आणि दारातून वळून म्हणाले, "यानं मत बदलेल असं समजू नका. सभा रविवारी नऊला, खुराड्याशेजारीच. ज्याने त्याने आपापलं नाक आणावं."

*

रविवार उजाडला. भाभींनी पहाटेपासून खुराडा घासला, कोंबड्यांना अंगणात सोडलं, खोक्यांत ताजं मिश्रण घातलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. माझा हात घट्ट धरून!

विषय क्रमांक चार, खुराडा. लोक नाकं ओढत होते, पण बोलायला कोणी तयार नाही. भाभी नजरेनेच कोंबड्या मोजत होत्या. एकदम माझ्या कानाशी आल्या. "मेथी, पाचच आहेत. हेडबाई कुठंय?"

तेवढ्यात लिमयेकाका उभे राहिले.

"वास आता येत नाही, हे मान्य. पण आधीच्या लेखी तक्रारी आहेत, त्या वाचाव्या लागतील." असं म्हणून ते वाकले आणि समोर बघत बघतच खुर्चीखालच्या त्याच खाकी पिशवीत हात घातला.

हात आतच थांबला.

मग हळूहळू वर आला. मुठीत अंडं! पाठोपाठ पिशवीतून हेडबाई बाहेर आली, पिसं झटकली आणि सगळ्या सभासदांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत रांगांमधून निघून गेली.

कांबळेसर इतिवृत्त लिहीत होते. त्यांनी पेन वर केलं. "साहेब, हे कुठल्या विषयाखाली नोंदवू?"

काकांनी अंड्याकडे बघितलं. खिशातून रुमाल काढला, अंडं नीट गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

"विषय क्रमांक चार निकाली. पाच घ्या, पाण्याची टाकी."

मग खाली बसता बसता मागे वळून भाभींना म्हणाले, "उद्याही तिला याच वेळेला सोडा. मी पिशवी इथेच ठेवतो."